तिसरा शब्द पगडीचा: इंग्रजीतले अडगळीतले शब्द शेपटावरून कसे शोधायचे

इंग्रजीत जी-आर-वाय या तीन अक्षरांनी संपणारे शब्द तीन. अँग्री आणि हंग्री हे दोन झाले, तिसरा सांगा. हे कोडं 1975 पासून अमेरिकेत फिरतंय आणि अजूनही मधूनच कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर उगवतं. त्याची एक आवृत्ती निव्वळ चलाखीची आहे: ‘द इंग्लिश लँग्वेज’ यातला तिसरा शब्द कोणता, तर ‘लँग्वेज’. सांगणाऱ्याने एखादा शब्द इकडचा तिकडे केला की चलाखी मरते आणि ऐकणारा बिचारा शब्दकोश उपसत बसतो.

उपसणाऱ्याचं मात्र नुकसान होत नाही. या शेपटाचे शब्द तीनपेक्षा बरेच जास्त आहेत, आणि त्यातला एक आपल्या घरातूनच गेलाय: पगडी. स्क्रॅबल खेळणारे, क्रॉसवर्ड सोडवणारे, प्रश्नमंजुषा तयार करणारे, मुलांना स्पेलिंगची गोडी लावू पाहणारे शिक्षक यांना असे शब्द पद्धतशीर गोळा करता यावेत म्हणून याच शेपटावर सगळी रीत खाली दाखवली आहे. रीत एकदा हाताला बसली की शेपूट कुठलंही घ्या.

आधी नियम, मग शोध

मराठी माणूस शब्द कानाने पकडतो, कारण आपल्याकडे लिहिलेलं आणि बोललेलं बहुतेक एकच असतं. इथे पहिली ठेच लागते ती तिथेच. ‘ग्री’ म्हटलं की डिग्री, पेडिग्री, फिलिग्री असे शब्द धावत येतात. हे सगळे बाद, कारण त्यांच्या शेवटी दोन ई आहेत. आपण अक्षरं शोधतोय, आवाज नाही. म्हणून या कामात शब्द नेहमी अक्षरं सुटी करून लिहायचे: एच-यू-एन-जी-आर-वाय.

शोधायला बसण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा. शेपूट शेवटीच हवं की कुठेही चालेल? कुठेही चालत असेल तर जी-आर-वाय-पी-एच-ओ-एन, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला ग्रिफॉन, हाही यादीत येतो. विशेषनामं घ्यायची का? घेतली तर पोलंडमधलं विग्री सरोवर आत येतं. जोडशब्द घ्यायचे का? इथे जपून, कारण पॉवर-हंग्री, लँड-हंग्री असे ‘हंग्री’चे जोडशब्द हवे तेवढे तयार करता येतात आणि यादी फुगून निरर्थक होते. आमचा सल्ला, घेऊ नका.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: जुनी, वेगळी स्पेलिंग मोजायची का? सतराव्या शतकापर्यंत इंग्रजीत स्पेलिंग ठरलेली नव्हती. भिकारीपणाला आज ‘बेगरी’ म्हणतात, शेवटी ए-आर-वाय. तोच शब्द कधीकाळी कुणी मधला स्वर गाळून बी-ई-जी-आर-वाय असा लिहिला. हा मोजला तर यादी चाळिशीकडे जाते, गाळला तर आठ-दहावर थांबते. दोन्ही बरोबर आहे. फक्त मधेच नियम बदलायचा नाही. इंटरनेटवर ज्या याद्या फिरतात त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

शेपटाची लांबी किती? दोन अक्षरांचं घेतलं तर हजारो शब्द गळ्यात पडतात. पाच अक्षरांचं घेतलं तर बहुधा एकाच शब्दाची पिल्लं निघतात. तीन किंवा चार अक्षरांचं असं शेपूट निवडा की रोजच्या वापरातले शब्द दोन ते चारच आठवतील. तिथेच जुना माल दडलेला असतो.

यादी कुठली घ्यायची

शब्दांची साधी यादी, म्हणजे एका ओळीत एक शब्द, अर्थ नाहीत, अशी फाइल लागते. मॅक संगणकात ती आधीपासून असते. ‘यूएसआर’ फोल्डरमध्ये ‘शेअर’, त्यात ‘डिक्ट’, त्यात ‘वर्ड्‌स’ नावाची फाइल. ती वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाच्या 1934 च्या दुसऱ्या आवृत्तीवरून केलेली असून तिच्यात सुमारे 2 लाख 35 हजार शब्द आहेत. जुन्या शब्दांसाठी फुकटात याहून चांगली सुरुवात नाही. तिची खोड अशी की अनेकवचनं आणि क्रियापदांची रूपं तिच्यात फारशी नाहीत. एस किंवा ई-डी ने संपणारं शेपूट शोधत असाल तर ती फसवेल.

लिनक्सवर त्याच ठिकाणी, त्याच नावाची फाइल असते, पण आतला माल वेगळा. बहुतेक वेळा ती आजच्या इंग्रजीची, सुमारे लाखभर ओळींची यादी असते आणि त्यातल्या कितीतरी ओळी निव्वळ ‘अपॉस्ट्रॉफी एस’ लावलेल्या असतात. त्यात जुना शब्द सापडला नाही म्हणून तो इंग्रजीत नाही असं समजू नका.

खेळासाठी ‘एनेबल’ नावाची मुक्त यादी आहे, सुमारे 1 लाख 73 हजार शब्दांची. स्क्रॅबलच्या कॉलिन्स यादीत 2019 साली 2 लाख 79 हजारांवर शब्द होते, पण ती प्रताधिकारात आहे आणि तिच्यात शब्द आहे एवढंच कळतं, त्याची कुळकथा कळत नाही. कुळकथेसाठी 1913 चा वेबस्टर घ्या. त्याचा प्रताधिकार संपलाय, पूर्ण मजकूर शोधता येतो आणि प्रत्येक शब्दासमोर तो जुना, दुर्मीळ की बोलीतला हे लिहिलेलं असतं. भारताशी नातं असलेल्या शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा 1886 चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश हाताशी हवाच. पगडी तिथेच भेटते.

चाळण

मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी, उघडा. ग्रेप हा आदेश लिहा, एक जागा सोडा, मग एकेरी अवतरणात जी-आर-वाय आणि त्याला चिकटून डॉलरचं चिन्ह, पुन्हा जागा सोडून फाइलचा पत्ता. डॉलर म्हणजे ‘ओळ इथे संपली पाहिजे’. सुरुवातीची अक्षरं शोधायची असतील तर डॉलरऐवजी आधी ^ हे टोपीचं चिन्ह येतं. दोन्ही काढून टाकलीत तर शेपूट कुठेही असलेले शब्द मिळतात. ग्रेपनंतर उणे चिन्ह लावून आय लिहिलं की मोठी-छोटी लिपी सारखीच धरली जाते.

टर्मिनलची भीती वाटत असेल तर एक्सेल पुरतं. त्यात 10,48,576 ओळी मावतात, म्हणजे वरची कुठलीही यादी सहज बसते. यादी पहिल्या स्तंभात चिकटवा, फिल्टर लावा, त्यात ‘टेक्स्ट फिल्टर्स’ आणि पुढे ‘एंड्स विथ’. एवढंही नको असेल तर वनलुक या शब्दशोधाच्या संकेतस्थळावर आधी तारा * आणि लगेच शेपूट लिहा. तारा म्हणजे कितीही अक्षरं, प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक अक्षर. क्रॉसवर्डवाल्यांना प्रश्नचिन्ह जास्त कामाचं.

आता बिघाड. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते असे: आदेश बरोबर, यादी बरोबर, आणि उत्तर शून्य शब्द. ‘अँग्री’सुद्धा नाही! कारण फाइल विंडोजवर तयार झालेली असते. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं न दिसणारं चिन्ह ठेवतं. आपल्याला वायनंतर ओळ संपलेली दिसते, पण ग्रेपच्या लेखी वायनंतर अजून काहीतरी आहे, म्हणून डॉलर जुळत नाही. नोटपॅड प्लस प्लसमध्ये फाइल उघडून ‘एडिट’मधल्या ‘ईओएल कन्व्हर्जन’मधून तिला युनिक्सची करा, किंवा ‘डॉस-टू-युनिक्स’ हा आदेश चालवा. लगेच शब्द दिसू लागतील. म्हणून शोध नेहमी माहीत असलेल्या शब्दाने तपासा. अँग्री आला नाही तर दोष चाळणीत आहे.

एक्सेलची वेगळी तऱ्हा. ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे शब्द चिकटवले की ते शब्द राहत नाहीत, खरं-खोटं दाखवणारी मूल्यं होतात आणि शोधातून निसटतात. चिकटवण्याआधी स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ करून ठेवा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं पांडाज हे याद्या हाताळायचं साधन वापरणाऱ्यांनी एन-ए-एन आणि एन-यू-एल-एल या दोन शब्दांवर नजर ठेवावी. ते रिकामी जागा समजून गाळले जातात. म्हणजे तंदूरमधला नान गायब!

चाळणीवर काय राहिलं

आता खरी मजा. एकेक शब्द हातात घेऊन बघू, कारण शेपूट सारखं असलं तरी यातले बहुतेक एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

‘अँग्री’ आणि ‘हंग्री’ हेसुद्धा सख्खे नाहीत. अँग्रीचं मूळ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतल्या ‘अंगर’मध्ये आहे, त्याचा अर्थ दुःख, त्रास. हंग्री मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतला. दोन्ही शब्दांत जी आणि आर मूळ शब्दाचे, आणि वाय हा ‘असलेला’ अशा अर्थाचा प्रत्यय. म्हणजे जी-आर-वाय हा काही प्रत्यय नाही. नवखे लोक ‘ग्री’ला अर्थ शोधत बसतात ते वाया जातं. या दोघांच्या संकरातून भूक लागल्यामुळे चिडलेल्यासाठी ‘हँग्री’ निघाला, तो ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 2018 साली आला. तो जुना नाही, पण शेपूट त्याचंही तेच, म्हणून यादीत वेगळी खूण करून ठेवावा.

हंग्रीची दोन जुनी भावंडं आहेत: पुढे ए लावलेला ‘अहंग्री’ आणि ए-एन लावलेला ‘अनहंग्री’. दुसऱ्याबद्दल गैरसमज हमखास होतो. तो यू-एन नाही, ए-एन आहे, आणि अर्थ ‘भूक नसलेला’ असा नसून सरळ ‘भुकेला’ असाच. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’मध्ये पहिल्याच अंकात धान्यासाठी उठलेल्या रोमन लोकांची टवाळी करताना नाटकाचा नायक मार्शियस ‘अनहंग्री’ म्हणतो. हे नाटक 1623 च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या संग्रहात, छापलं गेलं. पण तुम्ही मजकुरात शोधायला गेलात तर सापडेलच असं नाही, कारण वेगवेगळ्या प्रतींत तो कुठे दोन सुटे शब्द, कुठे मधे रेघ, कुठे सलग असा छापलेला असतो. तिन्ही प्रकारे शोधा.

यानंतर ए-जी-जी-आर-वाय, म्हणजे ‘ॲग्री’. हा ‘सहमत होणं’ नव्हे. घानाच्या किनाऱ्याकडे, ज्याला इंग्रज गोल्ड कोस्ट म्हणत, जमिनीत पुरलेले जुने रंगीत काचेचे मणी सापडत आणि लोक ते फार मोलाचे मानत. ते ॲग्री मणी. हा शब्द इंग्रजीत बहुतेक वेळा ‘मणी’ या शब्दाला चिकटूनच येतो. म्हणून काही कोशांत तो एकटा सापडत नाही, ‘ॲग्री बीड’ अशा दोन शब्दी नोंदीत सापडतो, आणि एका ओळीत एक शब्द असलेल्या यादीत गळून जातो. चाळणीवर न राहिलेले शब्द असतात, ते असे.

नुसता ‘ग्राय’, तीनच अक्षरं, म्हणजे शेपूटच शब्द. ग्रीकमध्ये ‘ग्रू’ म्हणजे नखातला मळ, अगदी क्षुल्लक वस्तू. आपण ‘नखभर’ म्हणतो तीच कल्पना. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने 1690 च्या आपल्या मानवी आकलनावरच्या ग्रंथात याला मोजमाप करून टाकलं: ग्राय म्हणजे रेषेचा दहावा भाग, रेषा म्हणजे इंचाचा दहावा, इंच म्हणजे तात्त्विक फुटाचा दहावा, आणि तात्त्विक फूट म्हणजे 45 अंश अक्षांशावर सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाच्या लांबीचा तिसरा भाग.

इथे थांबून हिशेब करा, कारण कोशांतले अर्थ इथेच घसरतात. असा लंबक साधारण 99.4 सेंटिमीटरचा असतो. त्याचा तिसरा भाग 33.1 सेंटिमीटर. तीनदा दहाने भागा: 3.31 सेंटिमीटरचा इंच, 3.31 मिलिमीटरची रेषा, आणि 0.33 मिलिमीटरचा ग्राय. पण 1913 चा वेबस्टर फक्त ‘रेषेचा दहावा भाग’ एवढंच सांगतो. रेषा म्हणजे नेहमीच्या इंचाचा बारावा भाग धरली तर ग्राय 0.21 मिलिमीटरचा होतो. साध्या इंचाचा शंभरावा भाग धरलात तर 0.25 चा. एकाच शब्दाची तीन मापं! लॉकचा इंच तुमच्या फूटपट्टीवरचा इंच नव्हता, एवढी टीप नोंदीत हवीच.

मग पगडी. पी-यू-जी-जी-आर-वाय. हिंदीतल्या ‘पगड़ी’मधला तो जिभेने टाळूला फटका मारून निघणारा ड इंग्रजांच्या कानाला आर वाटला, आणि मधला स्वर कुणी लिहिला, कुणी खाल्ला. त्यामुळे याच शब्दाची पगरी, पगारी, पगेरी अशी ऐकू येणारी आणि शेवटी दोन ई लावलेली अनेक स्पेलिंग आहेत. आपल्या शेपटात बसतं ते पी-यू-जी-जी-आर-वाय. हॉब्सन-जॉब्सनमध्ये मात्र तेच नोंदीचं शीर्षक आहे, म्हणजे हा कुणा एकाचा हस्तदोष नाही. इंग्रजीत अर्थ जरा सरकला: डोक्याला बांधायची पगडी, आणि त्याहून जास्त करून उन्हापासून बचाव म्हणून टोपीभोवती गुंडाळायचं कापड. साहेब लोकांच्या सोला टोपीवर ते असायचं. आता ‘सोला’ म्हणजे ‘सोलर’, सूर्याशी संबंध, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. ती टोपी शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्याची करत, म्हणून सोला. पगडीचा शब्द ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात आजही जिवंत आहे. त्यांच्या एका बाजूने वर दुमडलेल्या टोपीभोवतीच्या पट्टीला तेच नाव आहे, आणि तिला सात चुण्या असतात: सहा राज्यांच्या सहा, प्रदेशांची एक.

उरलेले भराभर. ‘पोडॅग्री’ म्हणजे पायाच्या अंगठ्याला होणारा गाऊट. ग्रीक मूळ अर्थ ‘पायाला पकडणारं’. ‘इग्री’ ही इजिप्तमध्ये असलेल्या ब्रिटिश सैनिकांची बोली, अर्थ ‘चल, लवकर’, मूळ अरबी. ‘हिग्री-पिग्री’ हा सगळ्यात गोड: ‘हिएरा पिक्रा’, म्हणजे ‘पवित्र कडू’ नावाचं ग्रीक जुलाबाचं औषध. त्यात कोरफडीचा सुकवलेला रस असायचा, आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातला काळा बोळ. खेडवळ इंग्रजांनी त्या नावाचं जे केलं ते हे. ‘मीग्री’ म्हणजे खंगलेला, ‘मीगर’चा भाऊ.

शिक्के वाचायला शिका

कोश शब्दापुढे जो शिक्का मारतात तो नीट वाचला नाही तर सगळेच शब्द ‘जुने’ होऊन बसतात. ‘आर्केइक’ म्हणजे आपल्या ‘जाहला’सारखा: कुणी बोलत नाही, पण वाचला की कळतो, आणि मुद्दाम जुना सूर लावायला वापरतातही. ‘ऑब्सोलीट’ म्हणजे ज्ञानेश्वरीतल्या ‘पढियंता’सारखा, टीपेशिवाय अर्थ लागत नाही. ऑक्सफर्डच्या कोशात अशा शब्दापुढे † ही कट्यार असते. ‘हिस्टॉरिकल’ याहून वेगळा. शब्द चांगला धडधाकट आहे, वस्तूच गेली, जशी आपली सरदेशमुखी. ‘डायलेक्ट’ म्हणजे बोलीतला. तो आजही एखाद्या खोऱ्यात रोज बोलला जात असेल. ‘रेअर’ म्हणजे मुळातच मोजक्या लोकांनी वापरला. ग्रायवर ‘ऑब्सोलीट’ बसतो, साहेबाच्या सोला टोपीवरच्या पगडीवर ‘हिस्टॉरिकल’. दोघांना एका टोपलीत टाकू नका.

भुतं ओळखणं

काही शब्द कधी नव्हतेच. वॉल्टर स्कीट या इंग्रज भाषाभ्यासकाने 1886 मध्ये अशांना ‘घोस्ट-वर्ड’ असं नाव दिलं. सगळ्यात गाजलेलं भूत ‘डॉर्ड’. 1934 च्या वेबस्टरमध्ये त्याचा अर्थ चक्क ‘घनता’ असा छापला होता. झालं होतं असं की ‘डी ऑर डी’, म्हणजे मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचं संक्षिप्त रूप, अशी चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जाण्याऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि मधल्या जागा गिळल्या गेल्या. 1939 मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं ते त्या नोंदीला व्युत्पत्तीच नाही म्हणून. वर सांगितलेली मॅकची यादी याच आवृत्तीवरून आली आहे, तेव्हा तिच्यावर आंधळा विश्वास नको.

आजची भुतं स्कॅन केलेल्या पुस्तकांतून येतात, आणि आपलं शेपूट त्यांचं आवडतं झाड आहे. जुन्या पुस्तकांत ‘ग्राय’ शोधून बघा, ढिगाने सापडेल. त्यातले बहुतेक म्हणजे ओळीच्या शेवटी तुटलेले ‘हं-ग्री’ आणि ‘अँ-ग्री’. पहिला तुकडा वरच्या ओळीत, दुसरा खालच्या ओळीत सुरुवातीला, आणि यंत्राला वाटलं स्वतंत्र शब्द. उरलेल्यांत पोलिश पुस्तकं घुसतात, कारण पोलिशमध्ये हीच तीन अक्षरं म्हणजे ‘खेळ’ या शब्दाचं अनेकवचन. आणि डॅनिश पुस्तकं, कारण तिथे त्याचा अर्थ पहाट. शिवाय जुन्या छपाईत एन आणि यू एकमेकांसारखे दिसतात, आणि एसचं जुनं लांबट रूप एफसारखं. म्हणून सापडलेल्या प्रत्येक नोंदीचं पानाचं चित्र उघडायचं, अलीकडची एक ओळ आणि पलीकडची एक ओळ वाचायची. अर्धा मिनिट लागतो. शब्द कोणत्या काळात किती वेळा छापला गेला याचा नुसता आलेख बघून निष्कर्ष काढणाऱ्यांची फजिती होते ती हा अर्धा मिनिट वाचवल्यामुळे.

एखाद्या शब्दाला यादीत कायमची जागा द्यायची कसोटी सोपी ठेवा. कोशकारांची एकमेकांकडून केलेली नक्कल पुरेशी नाही. कुणीतरी, कुठल्यातरी वर्षी, कोशाबाहेर तो शब्द वाक्यात वापरलेला दाखवता आला पाहिजे. तोपर्यंत शब्द पेन्सिलीने लिहायचा.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक शब्दाला एक ओळ, सात रकाने: सुटी अक्षरं, उच्चार देवनागरीत, अर्थ, मूळ भाषा, शिक्का, कोशाबाहेरचा सगळ्यात जुना सापडलेला वापर वर्षासकट, आणि पर्यायी स्पेलिंग. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि मग तोच शब्द दोनदा मोजतात. पगडीच्या ओळीत तो रकाना सगळ्यात लांब असेल. आणखी एक सोय म्हणजे अक्षरं उलटी लिहिलेला स्तंभ ठेवणं. लिनक्सवर ‘रेव्ह’ हा आदेश ते काम करतो. त्या उलट्या स्तंभावर क्रमवारी लावली की सारख्या शेपटाचे शब्द आपोआप एकमेकांशेजारी येऊन बसतात, आणि तुम्ही न शोधलेली शेपटंही दिसू लागतात.

दुसरा हात: सी-आय-ओ-एन

जी-आर-वायवर सगळी वाट दाखवून झाली. आता हे शेपूट स्वतः करून बघा. रोजचे शब्द तीन: कोअर्शन म्हणजे जबरदस्ती, सस्पिशन म्हणजे संशय, आणि सायन, म्हणजे कलमाची काडी किंवा घराण्याचा वंशज. तिसऱ्याचा उच्चार पहिल्या दोघांशी अजिबात जुळत नाही. कानाने शोधाल तर हाती मुंबईचं शीव लागेल, आणि त्या स्टेशनाच्या स्पेलिंगमध्ये सी नाहीच.

1913 च्या वेबस्टरमध्ये चाळण लावलीत की जुने चार हाती येतील. ‘सायन’चंच पुढचा एस गळालेलं जुनं स्पेलिंग सी-आय-ओ-एन, नियम आठवा, मोजायचं की नाही ते तुम्ही ठरवलेलं आहे. ‘एपिनिसियन’, विजयगीत, ग्रीक ‘निके’ म्हणजे विजय, बुटांच्या कंपनीचं नाव तेच. ‘पर्निशन’, सर्वनाश. ‘इंटर्नेशन’, आय-एन-टी-ई-आर-एन-ई-सी-आय-ओ-एन, कत्तल. हे शेवटचे दोन मात्र खरोखर नात्यातले आहेत: दोघांतही लॅटिन ‘नेक्स’, म्हणजे घातपाती मृत्यू. आजच्या ‘पर्निशस’ आणि ‘इंटर्नेसाइन’ या शब्दांत तीच मुळं दिसतात.

इंटर्नेसाइनची नोंद करताना एक गोष्ट बघा. लॅटिनमध्ये त्यातला ‘इंटर’ फक्त जोर देण्यासाठी आहे: निःशेष मारणं. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या कोशात त्याचा अर्थ ‘आपसात’ असा घेतला आणि ‘एकमेकांचा नाश करू पाहणारा’ अशी व्याख्या दिली. चूक होती, पण लोकांनी तीच उचलली, आणि आज वर्तमानपत्रात एखाद्या पक्षातल्या अंतर्गत भांडणाला हा शब्द लावतात तो त्याच अर्थाने. अर्थाच्या रकान्यात दोन्ही लिहा, आणि दुसऱ्यापुढे 1755 टाका.